थर वेगळे झाले, पण लेबलवर लिहू काय?

गंगेत घोडं न्हालं एकदाचं! घरच्या बिअरचा कडूपणा आयबीयूत (कडूपणाच्या एककात) मोजतोय: आम्ल घातलेल्या बिअरमधली कडू द्रव्यं आयसो-ऑक्टेन या द्रावकात ओढायची आणि तो थर यूव्ही प्रकाश किती शोषतो ते मशीनवर बघायचं. मागच्या पोस्टमधला तो पांढरट लगदा आठवतोय ना, बिअर आणि आयसो-ऑक्टेनच्या मधोमध तरंगणारा? गेला. बिअर आधी नीट डिगॅस केली, म्हणजे तिच्यातला वायू काढला, आम्ल घातल्यावर ऑक्टेनॉलचा एक थेंब टाकला, आणि तरीही जो फेस उरला त्याचा सेंट्रिफ्यूजने निकाल लावला. वरचा थर असा नितळ आला की पिपेट लावायला जीव होईना.

क्युवेट, म्हणजे मशीनमध्ये नमुना ठेवायची छोटी नळी, क्वार्ट्झचीच घ्या. मोजणी 275 नॅनोमीटरच्या यूव्ही प्रकाशात होते, आणि साधी काच तो प्रकाशच अडवते. यूव्हीवाल्या प्लॅस्टिकच्याही मिळतात, पण आयसो-ऑक्टेन आणि प्लॅस्टिक ही जोडी मला पटत नाही.

आता रीडिंग. पेल एलची बॅच अर्धी-अर्धी केली होती. ड्राय हॉप (बिअरला कडूपणा आणि वास देणारी हॉपची फुलं, न उकळता थंड बिअरमध्ये घातलेली) नसलेल्या भागाचं शोषण 0.68, गुणिले 50, म्हणजे 34 आयबीयू. रेसिपीवरून आयबीयूचा अंदाज बांधणारं टिन्सेथचं गणित 36 म्हणत होतं. एवढं जवळ! तो दिवस मजेत गेला.

मग दुसरा भाग, लिटरला 8 ग्रॅम ड्राय हॉपवाला. 0.86. म्हणजे 43.

प्यायल्यावर मात्र कुणालाच तो एवढा जास्त कडू लागेना. उकळी न देता नऊ आयबीयू आले कुठून? 275 ला फक्त आयसो-अल्फाच (हॉपमधली अल्फा आम्लं उकळून बनणारी मुख्य कडू द्रव्यं) दिसतात असं नाही. हॉपमधल्या अल्फा आम्लांचं ऑक्सिडेशन होऊन बनलेले ह्युम्युलिनोन थंड बिअरमध्येही विरघळतात आणि त्याच आकड्यात मोजले जातात. कडूपणाला ते आयसो-अल्फाच्या साधारण दोन तृतीयांश. हॉपमधली तुरट पॉलिफेनॉलही थोडी भर घालतात. उलट हॉपचा चोथा थोडे आयसो-अल्फा स्वतःकडे ओढून घेतो. म्हणजे काही आलं, काही गेलं, आणि मशीन फक्त बेरीज सांगतं. फोड हवी तर एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेची पद्धत), आणि ते घरी बसून होणारं काम नाही. त्यात ड्राय हॉपने पीएच 4.35 वरून 4.6 वर गेला, त्याने जिभेवरचा कडूपणा बदलतो तो वेगळाच.

मी 43 छापणार होतो. मोजलेला आकडा आहे, खोटं काय त्यात? पण पिणारा 43 वाचून वेगळ्याच बिअरची तयारी करतो. 34 लिहावं तर बाटलीतली बिअर ती नव्हेच. म्हणून सध्या ठरवलंय: '34, ड्राय हॉपआधी', शेजारी ओजी (आंबण्याआधीची घनता) 1.058 आणि ड्राय हॉपचं प्रमाण. जाणकार काय ते समजून घेईल.

थांबा, हे लिहितानाच सुचलं. ऑक्सिडेशनमुळेच ह्युम्युलिनोन बनत असतील, तर जुन्या हॉपने आकडा आणखी फुगायला हवा. आमचा सप्लायर पाकिटावर अल्फा 12.5 टक्के ठळक छापतो, हंगामाचं वर्ष मात्र गायब. त्या टक्क्याला मग काय अर्थ? पण हॉपच्या अर्काचं 275 आणि 325 चं गुणोत्तर काढलं की एचएसआय, म्हणजे हॉप किती शिळे झाले त्याचा निर्देशांक, मिळतो, आणि मशीन तर समोरच आहे. म्हणून पुढची स्टाउट पुढे ढकलली. पुन्हा हीच पेल एल, एका भागात ताजं पाकीट, दुसऱ्यात फ्रीजमधलं उघडं पडलेलं, वजन तेच. आधी दोन्हींचा एचएसआय टाकतो.