गिरगाव लेआउट अपडेट : हॅम्बर्ग बघून आलो आणि चाळीचं वायरिंग उपसलं

मंडळी, गिरगाव लेआउट म्हणजे मी घरी करत असलेलं गिरगावचं छोटं मॉडेल, चाळ आणि लोकल ट्रेनसकट. मधे ऑफिसच्या कामाने जर्मनीला जाणं झालं, शनिवार मोकळा होता, मग मी कुठे गेलो असेन ते सांगायला नको. हॅम्बर्गचं मिनियातुर वुंडरलांड, मॉडेल रेल्वेचं भलंमोठं प्रदर्शन. जुन्या गोदामांच्या भागात आहे, फ्रेडरिक आणि गेरिट ब्राऊन या जुळ्या भावांनी 2001 मध्ये चालू केलं, आणि सगळं आपल्याच एचओ स्केलमध्ये, 1:87, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. ट्रेनवर लिहीत बसत नाही, व्हिडिओ सगळ्यांनी पाठ केलेत. विमानतळ भारीच आहे, रस्त्यावरच्या गाड्या पण (रस्त्याखाली तार आणि पुढच्या चाकांपाशी मॅग्नेट, एवढंच तंत्र!), रिओच्या भागातली डोंगरावरची वस्ती बघून तर मला थेट मुंबईच्या मेट्रोतून दिसणारं असल्फा आठवलं.

पण मी तासन् तास उभा राहिलो तो लाइटिंगसाठी. तिथे साधारण दर पंधरा मिनिटांनी रात्र होते, आणि होते म्हणजे खटकन बटण दाबल्यासारखी नाही, आधी उजेड केशरी मग निळसर होत जातो आणि खिडक्या एकेक करून, मधेच थांबून, उजळतात. आपल्याकडे काय होतं, अख्खी बिल्डिंग एका स्विचवर, सगळ्या खोल्या एकाच सेकंदाला पेटतात आणि दुकानातला कंदील वाटतो. माणसं राहतात असं वाटतच नाही.

म्हणून आल्याआल्या चाळ परत उघडली. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून बारक्या एसएमडी एलईडी आणल्या, वॉर्म आणि कूल दोन्ही, कारण आपल्या चाळीत पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब शेजारीशेजारी असतेच. आर्डुइनो नॅनो (कुठला दिवा कधी लावायचा हे ठरवणारा छोटा प्रोग्रॅमचा बोर्ड) आणि त्याला जोडलेली, दिवे चालवणारी 595 चिप, एका चिपवर आठ खोल्या. ट्यूबवाल्या खोल्या आधी दोनतीनदा फडफडतात मग लागतात, एका खोलीत टीव्हीचा निळा उजेड हलतो, देव्हाऱ्यात लाल झिरोचा बल्ब (हा बायकोचा आग्रह, आणि तिचं बरोबर होतं), आणि दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली कायम अंधारात, ते लोक गावाला गेलेत.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी, सनबोर्डमधून (भिंतींसाठीचा फोमचा बोर्ड) उजेड आरपार झिरपतो, आतून आधी काळा रंग मारा मग त्यावर पांढरा, आणि खोल्यांमधे काळ्या कार्डचं पार्टिशन घाला, नाहीतर शेजारच्यांचा टीव्ही तुमच्या भिंतीवर दिसतो. मजल्याची उंची मी साडेतीन सेंटीमीटर धरलीये, म्हणजे खरी दहा फूट.

लोकलचा तिढा मात्र तसाच आहे. बारा डब्यांचा रेक एचओमध्ये तीन मीटरच्या आसपास जातो, आमचा हॉलच त्याहून थोडा मोठा! पण हॅम्बर्गवाल्यांनीही शहर फूटपट्टी लावून उतरवलेलं नाही, मोजक्या ओळखीच्या इमारती घेतल्यात आणि मधलं गाळलंय, त्यामुळे मीही चार डब्यांवर समाधान मानतोय, चर्नी रोडचं अर्धंच स्टेशन, बाकी गाडी चाळीमागे गायब.

आता बेस्टची डबलडेकर हवीये, जुनी डिझेलवाली, 2023 मध्ये बंद झाली ती. तयार डबलडेकर मिळतात त्या बहुतेक लंडनच्या आणि 1:76 मध्ये, म्हणजे जरा मोठ्या, तरी अगदी पुढच्या कडेला लावली तर खपून जाईल असं वाटतंय. कुणी रंगवून बघितलीये का? लाल रंगाचा नंबर सांगा.