'बजेट नाही, पण एक्सपोजर मिळेल' : त्या मेलचं पुढे काय झालं

मी इलस्ट्रेटर आहे, पूर्णवेळ, म्हणजे घर त्यावरच चालतं. मध्यंतरी एका बऱ्यापैकी मोठ्या कार्यक्रमाच्या आयोजकांचा मेल आला, तुमचं काम आम्हाला फार आवडतं, आमच्या प्रदर्शनासाठी आणि सोबतच्या पुस्तकासाठी आठ नवीन चित्रं हवी आहेत, मानधनाची तरतूद नाही पण हजारो लोक बघतील, चांगलं एक्सपोजर मिळेल वगैरे. चित्रं काढणारे, फोटो काढणारे, गाणारे, लिहिणारे, कुणालाच असा मेल नवीन नाही. तरी सगळं सविस्तर लिहितेय कारण यावेळी मी सरळ हो किंवा सरळ नाही न म्हणता प्रश्न विचारत गेले, आणि त्या प्रश्नांनी बरंच काही बाहेर आलं.

आधी माझं मत सांगून टाकते. फुकट काम देणं मला चुकीचं वाटत नाही, मी स्वतः देते, आनंदाने देते. पण ज्या कामात बाकी सगळ्यांना पैसे मिळतायत तिथे फक्त चित्रवाल्यानं नावावर समाधान मानायचं हे मला अजिबात मान्य नाही. त्यामुळे पहिल्या उत्तरात मी पहिला प्रश्न हाच विचारला, की या कार्यक्रमात अजून कोण कोण विनामूल्य काम करतंय? हॉल, छपाई, लाइट, साउंड, पुस्तकाचं डिझाइन, वेबसाइट, यातलं काय फुकट आहे? भांडायच्या सुरात नाही, अगदी साध्या भाषेत, कारण खरंच कुणीच पैसे घेत नसेल तर माझा विचार वेगळा असता.

मेलला उत्तर आलं नाही, फोन आला. बोलणारी मुलगी गोड होती, तिच्यावर माझा काडीचाही राग नाही, तिला वरून जे सांगितलं तेच ती सांगत होती. "मॅडम, छपाईवाले तर पैसे घेणारच ना, त्यांना कागद विकत आणावा लागतो." मी म्हटलं अगं बरोबर आहे, आणि मला वेळ विकत आणता येत नाही. मग तिला एका पानभर चित्राला काय काय लागतं ते सांगितलं. ब्रीफ, म्हणजे तुम्हाला काय हवंय ते, वाचायचं, संदर्भ शोधायचे, पेन्सिलीत दोन-तीन रफ, त्यातला एक तुम्ही निवडणार, मग लाइन, मग रंग, मग तुमच्या करेक्शन्स, मग छपाईसाठी वेगळी फाईल, तीनशे डीपीआय म्हणजे छपाईत फुटणार नाही इतकी बारीक, सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगात, चारी बाजूंनी ब्लीड म्हणजे कापायला जास्तीची जागा सोडून, आणि प्रूफमध्ये, म्हणजे छपाईच्या नमुन्यात, निळा जांभळा दिसायला लागला की परत बसायचं. तिनं मनापासून ऐकलं आणि म्हणाली की हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, सगळे लगेच हो म्हणतात. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. आपण भिडेनं हो म्हणतो आणि समोरच्याला वाटत राहतं की या कामाला काही पडतच नाही.

दुसरा प्रश्न एक्सपोजरचा. एक्सपोजर देणार म्हणताय तर ते नेमकं काय देणार? नाव कुठे छापणार, चित्राखाली की मागे, किती मोठं, ऑनलाइन टाकताना टॅग करणार का, वेबसाइटवर माझी लिंक राहणार का आणि किती दिवस. हे विचारायला लाज वाटायचं काही कारण नाही, कारण तो त्यांनी देऊ केलेला मोबदला आहे, आणि मोबदला किती ते विचारतातच. उत्तर यायच्या आत मी त्यांचं आधीचं पुस्तक मिळवून पाहिलं. चित्रं सुंदर होती, छपाई पण उत्तम. कलाकारांची नावं शेवटच्या पानावर, फिक्या करड्या रंगात, मुंगीएवढ्या टायपात, एकामागून एक स्वल्पविराम देत लावलेली, कुणाचं चित्र कुठलं ते कळायला मार्ग नाही, एका नावात तर चक्क स्पेलिंग चुकलेलं. त्याच पानावर वर प्रायोजकांचे लोगो होते, ठळक, मोकळी जागा सोडून, नीट रांगेत. मी ते पान बराच वेळ बघत बसले, मला खरंच वाईट वाटलं, त्या सगळ्यांसाठी.

त्यातल्या एका चित्रकाराचं नाव ओळखीचं होतं, त्याला मेसेज टाकला की तुझ्या अनुभवात त्यातून पुढे काम आलं का रे. त्याचं उत्तर मला आजही महत्त्वाचं वाटतं. म्हणाला, आलं की, दोन ठिकाणांहून विचारणा झाली, दोन्ही फुकटच्याच, आणि दोघांनीही सांगितलं की तुम्ही त्यांना दिलंत ना विनामूल्य, मग आम्हालाही द्या. म्हणजे ओळख होते, पण फुकट काम करणारा अशी होते, आणि ती पुसायला मग काही वर्षं जातात. सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणत नाही, एखाद्याला योग्य माणूस भेटतो आणि गाडी रुळावर येते, पण ते लॉटरीसारखं आहे, त्याच्या भरवशावर आठ चित्रं काढायची म्हणजे महिनाभराची दुसरी कामं सोडायची.

हे काही माझ्या एकटीचं दुखणं नाही. २००९ साली गूगलनं क्रोम ब्राउझरच्या थीमसाठी नावाजलेल्या इलस्ट्रेटर्सना विनामोबदला चित्रं मागितली होती, लाखो लोकांपर्यंत पोचाल म्हणून, त्यातल्या बऱ्याच जणांनी जाहीरपणे नकार दिला. २०१२ मध्ये गायिका अमांडा पामर हिनं किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या साइटवर लोकांकडून जवळजवळ बारा लाख डॉलर गोळा केले आणि नंतर दौऱ्यात गावोगावच्या वादकांना पैसे न घेता वाजवायला बोलावलं, त्यावर एवढा गदारोळ झाला की शेवटी तिनं वादकांना पैसे द्यायचं जाहीर केलं. पण मला जागं केलं ते हफिंग्टन पोस्ट या अमेरिकन बातम्यांच्या साइटच्या प्रकरणानं. तिथे हजारो लोक फुकट लिहीत होते, २०११ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीनं ती साइट ३१.५ कोटी डॉलरला विकत घेतली, मग लिहिणाऱ्यांनी कोर्टात जाऊन वाटा मागितला, आणि २०१२ मध्ये दावा फेटाळला गेला, कारण पैसे मिळणार नाहीत हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. हे वाचलं तेव्हाच ठरवलं की जे काय बोलायचं ते काम सुरू व्हायच्या आधी बोलायचं. नंतर वाईट वाटून काहीही हाती लागत नाही.

उलट बाजूही आहे हां. कॅनडात १९६८ साली कलाकारांनी एकत्र येऊन कारफॅक नावाची संघटना काढली, मागणी साधी होती, आमचं काम प्रदर्शनात लावता तर त्याची फी द्या. १९७५ पर्यंत तिथे प्रदर्शनाची फी मिळायला लागली आणि १९८८ मध्ये तो हक्क कायद्यात आला. न्यूयॉर्कमध्ये २००८ पासून वेज नावाचा गट हेच करतोय, कुठल्या संस्थेनं कलाकाराला कमीत कमी किती द्यायला हवं त्याचं गणितच त्यांनी मांडून ठेवलंय, संस्थेच्या वार्षिक खर्चाप्रमाणे फी ठरते, आणि जी संस्था पाळते तिला प्रमाणपत्र मिळतं. ही मागणी जगावेगळी नाही एवढं डोक्यात पक्कं बसलं की फोनवर आपला आवाज कापत नाही. माझा तरी नाही कापला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तो फॉर्म. बोलणं चालू असतानाच त्यांनी "फॉर्मॅलिटी आहे" म्हणून एक संमतीपत्र पाठवलं, सही करून परत पाठवा म्हणून. एक्सपोजरच्या नादात हे पान कुणी वाचत नाही आणि खरं घोडं तिथेच पेंड खातं. त्यात एक ओळ होती, कलाकार आपल्या कलाकृतीचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी आयोजकांकडे सोपवत आहे, आणि आयोजक त्यात आवश्यक ते बदल करू शकतात. नीट वाचा. ते फक्त भिंतीवर लावायला चित्र मागत नव्हते, उद्या त्यांनी ते मगवर छापून विकलं, प्रायोजकाला जाहिरातीसाठी दिलं, अर्धं कापून दुसऱ्या कशाला जोडलं, तरी मला विचारायची गरज नाही, आणि मीच माझं चित्र माझ्या पोर्टफोलिओत लावताना त्यांची परवानगी मागायची. हे सगळं शून्य पैशात.

कॉपीराइटचं इथे थोडं सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं की नोंदणी केली तरच हक्क मिळतो. तसं नाही. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार, आणि त्यात जगातले बहुतेक सगळे देश आहेत, हक्क चित्र तयार झालं की आपोआप तुमचा होतो, त्यासाठी फॉर्म भरावा लागत नाही. शिवाय १९२८ पासून त्या करारात कलाकाराचे नैतिक हक्कही आहेत, म्हणजे नाव लागण्याचा हक्क, आणि नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा हक्क. देशादेशात बारकावे वेगळे असतात, मोठा व्यवहार असेल तर जाणकाराला दाखवाच. पण मूळ गोष्ट ही की हक्क आधीच तुमच्याकडे आहे आणि सही केली की जातो. आणि हक्क देऊन टाकणं आणि वापरायची परवानगी देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, परवानगी कितीही छोटी करता येते, इतक्या महिन्यांसाठी, एवढ्याच कामासाठी, किंवा तेच चित्र तुम्हाला दुसऱ्या कुणालाही वापरायला देता येईल अशी.

मी त्या ओळीवर काट मारली आणि खाली माझं लिहिलं. चित्राचे हक्क माझे, आयोजकांना एका वर्षासाठी प्रदर्शन, पुस्तकाची ही एक आवृत्ती आणि त्याच्या प्रचारापुरती वापरायची परवानगी, विक्रीच्या वस्तूंवर नाही, प्रायोजकाला परस्पर देता येणार नाही, बदल विचारून करायचे, नाव चित्राच्या शेजारी वाचता येईल अशा टायपात. आणि सोबत दोन पर्याय दिले. एक, आठ नवीन चित्रं, माझ्या नेहमीच्या दरानं, अर्धे पैसे आधी. दोन, बजेट जेवढं असेल तेवढ्यात जेवढी बसतील तेवढी चित्रं. दर कमी करायचा पर्याय मुद्दाम दिला नाही, काम कमी करायचा दिला. एकदा दर खाली आणला की पुढच्या वेळी तोच दर होतो, हे ज्यानं फ्रीलान्सिंग केलंय त्याला माहितीये.

बरेच दिवस शांतता. या दिवसांत मला धाकधूक नव्हती असं नाही, काम गेलं असं धरून मी दुसरं घेतलंही होतं. मग वरच्या माणसाचा फोन आला, जरा ताठ, "तुम्ही फार व्यावहारिक आहात हो, कलेसाठी म्हणून करायचं असतं काही." मी शांतपणे म्हटलं, सर, कलेसाठीच करते म्हणून तर ते करत राहता यायला हवं ना, आणि प्रायोजकांच्या लोगोला तुम्ही जे पैसे घेता ते या चित्रांभोवती लोक जमणार म्हणूनच घेता. पलीकडे थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. नंतर तेच म्हणाले की तीन चित्रांचे पैसे काढता येतील. पैसे होते. कलाकारांच्या रकान्यात कुणी टाकलेच नव्हते एवढंच.

तर तीन चित्रं पूर्ण दरानं केली. माझ्या अटींपैकी प्रचाराची मुदत त्यांनी वाढवून घेतली, मी दिली, तेवढं चालतं. नाव चित्राशेजारी आलं, फक्त माझंच नाही, त्या पुस्तकात सगळ्यांचंच आलं, आणि याचा मला पैशांपेक्षा जास्त आनंद झाला. अर्धे पैसे आधी मिळाले, उरलेल्या अर्ध्यांसाठी आठवण करावी लागली, परत करावी लागली. तोवर मी छोट्या साइजच्या, वॉटरमार्क असलेल्या फायलीच दिल्या होत्या, छपाईच्या फायली पैसे जमा झाल्यावर पाठवल्या, छपाईची तारीख जवळ आली तसे पैसेही पटकन आले.

एक चौथं चित्र मी त्यांना खरंच फुकट दिलं. कार्यक्रमाला येणाऱ्या लहान मुलांना रंगवायला मोफत वाटायचं एक पान ते करत होते, त्यावर कुणाचा लोगो नव्हता, ते वाटणारे सगळे स्वयंसेवक होते. माझ्याकडे एक जुनं रेखाटन पडून होतं, ते मीच आपणहून काढून दिलं. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे आपलं काम ठरावीक अटींवर कुणालाही वापरू देणाऱ्या तयार परवान्याचं, चिन्ह लावून दिलं, नाव लावा आणि धंद्यासाठी वापरू नका एवढ्या अटीवर. अर्थात ते लावताना विचार करून लावा, एकदा त्या परवान्यात दिलेली गोष्ट परत मागे घेता येत नाही, ज्यानं घेतली तो त्या अटींवर वापरत राहू शकतो.

नवीन मुलं विचारतात की आमच्याकडे दाखवायलाच काही नाही, मग सुरुवातीला फुकट करायचं की नाही. मला वाटतं दाखवायलाच हवं असेल तर स्वतःच्या मनातला विषय घ्या आणि त्यावर काम करा, निदान करेक्शन्स तरी तुमच्या तुम्ही ठरवाल, हक्क तुमचेच राहतील आणि ज्या प्रकारचं काम पुढे मिळायला हवंय तेच समोर दिसेल. आणि ओळखीच्यांसाठी, एखाद्या निधी नसलेल्या गटासाठी द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, पण बिल बनवा. मी आता दरवेळी बनवते. कामाचं नाव, पूर्ण दर, खाली शंभर टक्के सवलत, देय रक्कम शून्य, आणि वापराच्या अटी दोन ओळीत. परवाच एका वाचनालयाला असं बिल पाठवलं, त्यांच्या सेक्रेटरींचा फोन आला की अहो एवढं पडतं होय चित्राला, आम्ही पुढच्या वर्षीच्या खर्चात थोडी तरतूद करायचं बघतो. बघू, करतात का ते.