पॅरिस ते बोन : गाडीने फ्रान्स, पहिला दिवस

विमानातून उतरल्या उतरल्या स्टिअरिंग हातात घेऊ नका. झोप पूर्ण करून दुसऱ्या सकाळी निघा. गाडी ताब्यात घेताना ओरखड्यांचे फोटो काढा. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि त्रिकोण आत आहेत ना ते बघा, दोन्ही कायद्याने लागतात. आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परमिट ठेवा.

बरगंडीतलं बोन पॅरिसपासून ए-६ मार्गे साधारण ३१० किलोमीटर. मोटरवेवर वेगमर्यादा १३०, पण पाऊस लागला की ११०. टोलला आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे भरायचे. खरा घोळ लेन निवडताना होतो: फक्त नारिंगी 'टी' असलेली लेन टॅगवाल्यांची, तिथे अडकलात तर मागे रांग लागते. हिरव्या बाणाची लेन धरा.

पेट्रोल भरताना 'गाझोल' म्हणजे डिझेल, हे डोक्यात पक्कं असू द्या. पेट्रोलच्या नळीवर एसपी-९५ किंवा एसपी-९८ लिहिलेलं असतं.

गावात शिरलं की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, फलक नसला तरी. डावीकडून चालवायची सवय असलेल्यांचं लक्ष नेमकं इथेच चुकतं.

जेवण बारा ते दोनमध्येच उरका. नंतर बऱ्याच स्वयंपाकघरांना कुलूप. बोनमध्ये १४४३ सालचं ओतेल-द्यू हे जुनं रुग्णालय चुकवू नका, त्याच्या रंगीत कौलांसाठी तरी! वाइन चाखायची असेल तर गाडी मुक्कामी लावून मगच.