कानबाईच्या तोंडावर रुसलेला ड्रायर

आमचं वॉशिंग मशीन सेमी-ऑटोमॅटिक, चौदा वर्षांचं. अमळनेरच्या उन्हाळ्यात त्याचा ड्रायर बंद पडला असता तर कुणाला कळलंही नसतं. मे महिन्यात गच्चीवर टाकलेली चादर चहा होईपर्यंत वाळते. पण तो बिघडला श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाच्या आधीच्या आठवड्यात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याआधी घरातली एकूण एक चादर, उशीचे अभ्रे, पडदे सगळं धुवायचं असतं. बाहेर रिपरिप. आई म्हणाली, "मशीनले काय व्हयनं रे? कानबाई ई ऱ्हायनी!"

व्हयनं एवढंच, की टायमर फिरवला की मोटार नुसती 'घूं' करायची, टब अर्धा वेढा घेऊन अडायचा. कपडे थबथबलेले.

आधी वाटलं, चादरींचा भार एका बाजूला गेला असेल. सगळे काढून रिकामा टब लावला, तरी तेच. पाणी जाण्याचा पाइप वर अडकलेला नव्हता, टबाखाली पाणी साठलेलं नव्हतं. मग झाकण उघडून टब हाताने फिरवून पाहिला, तर हलेना. बेअरिंग जाम झालं असं मी ठरवूनच टाकलं. बोलावलेल्या मेकॅनिकने तर पाठही उघडली नाही. आवाज ऐकला आणि म्हणाला, "मोटार गेली. अठराशे लागतील." मी म्हटलं, उद्या सांगतो.

संध्याकाळी मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेलो. दारात शेतातले पंप रांगेत पडलेले, आत वार्निशचा वास. तिथल्या काकांनी मान वर न करताच विचारलं, "घूं करते ना? मग करंट पोचतोय, झाकणाचा स्विच ठीक आहे. आणि झाकण उघडून टब फिरवला का तुम्ही? भाऊ, उघडल्यावर तर ब्रेक लागतो!"

मला माझीच लाज वाटली. चालू ड्रायरचं झाकण उघडलं की टब थांबतो, हे मी चौदा वर्षं रोज बघत होतो.

घरी येऊन आधी प्लग काढला, मग मागचं कव्हर. खाली मोटारीच्या वर एक गोल चाक, त्याला टेकलेला रबरी ब्रेक, आणि ब्रेकच्या दांडीपासून थेट झाकणापर्यंत गेलेली तार. झाकण बंद केलं की ही तार ताणली जाते आणि ब्रेक चाकापासून सुटतो. आमची तार इतकी सैल झाली होती, की झाकण बंद असतानाही ब्रेक घासतच होता. चाकाभोवती रबराची काळी भुकटी साचलेली, बोटाला लागली. पकडीने दांडी ओढून धरली आणि दुसऱ्या हाताने टब ढकलला, तर भोवऱ्यासारखा गरगरला. बेअरिंगचा काही दोष नव्हता. तारेच्या टोकाच्या पट्टीला तीन भोकं होती; तिला पुढच्या भोकात अडकवलं.

टब फिरू लागला, पण म्हाताऱ्यासारखा, उठायलाच वेळ लावायचा. यावर काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, जोर कमी वाटला तर कपॅसिटर बघा. मोटारीला जोर देणारा हा भाग एका बाजूने फुगलेला निघाला. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो, म्हणून बल्ब लावलेल्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून तो रिकामा केला, मगच हात लावला. अंगावर लिहिलेलं 5 मायक्रोफॅरॅड बघून तेवढाच नवा आणला. ड्रायरचा आणि धुण्याच्या मोटारीचा कपॅसिटर वेगळा असतो, दुकानात नुसतं 'मशीनचा द्या' म्हणून चालत नाही.

शनिवारी रात्री साडेनऊला शेवटची चादर निघाली, दमट पण ठिबकत नव्हती. मशीन अजून थरथरतं, एका पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा सरकवलाय. आईने चादर झटकून पाहिली, दोरीवर टाकली आणि रोटांचे गहू निवडायला बसली.