हौशी कलाकाराचं रेकॉर्डिंग ऐकून अभिप्राय लिहिताना : माझा अनुभव

कोणी गाण्याची फाइल पाठवली की पहिल्यांदा ऐकताना मी काहीच लिहीत नाही. वायरचे हेडफोन लावून सलग शेवटपर्यंत ऐकतो. दुसऱ्या वेळी मिनिट-सेकंद टिपतो, तिसऱ्या वेळी फक्त टिपलेल्या जागा. घाईत लिहिलं की 'छान' किंवा 'रियाज वाढवा' एवढंच उतरतं, आणि समोरच्याला दोन्हींचा उपयोग शून्य.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो दोष गळ्याचा की यंत्राचा हे ठरवण्यात. गाणारा साथीच्या ट्रॅकच्या मागे पडत असेल तर 'लय कच्ची' म्हणण्याआधी मी विचारतो, हेडफोन ब्लूटूथचा होता का? त्यात आवाज कानापर्यंत यायला सहज 150 ते 200 मिलिसेकंद उशीर होतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत एक ठोका 500 मिलिसेकंदांचा. म्हणजे तिसरा हिस्सा गेलाच. मागे पडणं सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारखंच असेल तर संशय यंत्रावर. सोप्या जागी पळतोय आणि अवघड जागी रेंगाळतोय, तर मात्र मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) लावून त्याच चार ओळी संथ लयीत घोटायला सांगतो.

लांब धरलेला सूर मधेच विरत असेल तर तो दरवेळी दमसासाचा दोष नसतो. फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय स्थिर, एकसंध आवाजालाही गोंगाट समजून कापते. ती बंद करून पुन्हा रेकॉर्ड केलं की उलगडा होतो. जोरकस जागी आवाज फाटत असेल तर पातळी 0 डेसिबलला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल मर्यादेला, टेकली आहे. छाटली गेलेली लहर नंतर पूर्ववत होत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे 6 ते उणे 10 डेसिबलच्या दरम्यान राहील असं पाहून पुन्हा गाणं, हाच इलाज. 'प', 'फ', 'भ' वर धप्प आवाज येत असेल तर माइक तोंडासमोरून किंचित बाजूला.

'बेसूर' हा शब्द मी वापरत नाही, कारण त्यावरून काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. लिहितो ते असं : '1:42 ला ओळीचा शेवटचा सूर उतरलाय, 0:38 ला तीच जागा बरोबर लागली होती. श्वास एक शब्द आधी घेऊन बघा.' सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात, अर्धस्वरात 100 सेंट असतात. ट्यूनरवर (सूर मोजणारं यंत्र) दहाएक सेंटांचा फरक दिसला तर सोडून देतो, आंदोलनात काटा हलणारच. धरलेला सूर 25-30 सेंट खाली राहत असेल तर मात्र सांगतो. वरचे सगळेच सूर ताणलेले वाटले तर आधी पट्टी अर्ध्या स्वराने उतरवून बघायला सुचवतो. रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) भरपूर असेल तर सुराबद्दल बोलतच नाही, त्याशिवायची कोरी फाइल मागवतो.

एका वेळी दोनच सूचना. बाकीच्या माझ्याच वहीत राहतात. चांगली जागाही मिनिट-सेकंदासह लिहितो. नाहीतर पुढच्या वेळी सुधारण्याच्या भरात तीच बिघडते (हे फार वेळा होतं).

नवी फाइल आली की जुनी आणि नवी दोन्ही आवाजाच्या एकाच पातळीवर आणून ऐकतो. नुसती मोठ्या आवाजातली फाइल कानाला आपोआप सरस वाटते. मग थेट 1:42.