शटरचे ग्रीस आणि पांढरा कुर्ता

अनंत चतुर्दशीला आमचे दुकान बंद असते. माझी लाँड्री नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी त्या भागात ना गिऱ्हाईक पोहोचू शकते, ना कामगार. तरीही गेल्या वर्षी त्या दिवशी सकाळी साडेआठला मी शटर अर्धे वर केले, कारण आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीचा पांढरा सुती कुर्ता आदल्या रात्री इस्त्री होऊन दुकानातच राहिला होता आणि तिला दुपारी दोनला ढोलपथकात हजर व्हायचे होते.

तिने दारातच वर्तमानपत्राची घडी सोडून कुर्ता उलगडून पाहिला आणि डावी बाही शटरच्या बाजूच्या खाचेला घासली. पावसाळ्यात शटर करकरते, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मीच त्या खाचेत बोटाने भरभरून ग्रीस भरले होते. कोपराच्या जरा वर दोन बोटे रुंद काळा पट्टा उमटला. मी "पाणी लावू नकोस" म्हणेपर्यंत तिने ओल्या रुमालाने तो पुसलाही होता, आणि पट्ट्याचा पंजा झाला.

कपडा घेताना त्यावरचा प्रत्येक डाग गिऱ्हाइकासमोर पावतीवर लिहायचा, हा वडिलांनी घालून दिलेला नियम आहे. त्यामुळे पुढचे वाद टळतात. हा डाग मात्र निर्विवाद आमचा होता. ड्रायक्लीनचे कपडे आम्ही शहराबाहेरच्या कारखान्यात पाठवतो आणि तो त्या दिवशी बंद होता, तेव्हा जे काही करायचे ते मागच्या बाजूच्या माझ्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावरच करणे भाग होते. तिने स्कूटरमधले पेट्रोल काढून आणण्याची तयारी दाखवली, पण घरात दहा दिवसांचा गणपती, समोर समई तेवत असलेली. तशा घरात पेट्रोलची बाटली उघडणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. शिवाय पेट्रोलने तेल पसरत जाते आणि सुकल्यावर त्याच्या कडेचे वर्तुळ उरते.

आधी चमच्याच्या पाठीने वरचा गोळा खरवडला, कडेकडून मध्याकडे. मग अंगाला लावायची पावडर जाडसर थापून वीस मिनिटे ठेवली. फोडणीचे तेल किंवा तूप सांडले असेल तर या पावडरीने किंवा मक्याच्या पिठाने निम्मे काम होते, कारण मोकळे तेल ती शोषून घेते. ग्रीस तसे सोडत नाही. ग्रीस म्हणजे मुळात एका प्रकारच्या साबणाने घट्ट केलेले तेल. जागचे हलू नये, पाण्याने वाहून जाऊ नये, यासाठीच ते बनवलेले असते. त्यात शटरच्या लोखंडाची झीज आणि रस्त्यावरची धूळ मिसळली की काळा रंग येतो, आणि हा काळा रंग हेच खरे दुखणे. तेल निघते, पण काळे कण धाग्यांत अडकून राहतात.

पावडर झटकून, बाही उलटी करून, खाली जुन्या पंचाची घडी ठेवून मी भांडी घासायचे लिक्विड पाणी न घालता मागच्या बाजूने चोळले. उलट्या बाजूने अशासाठी, की डाग ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर ढकलायचा. दहा मिनिटांनी हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्याने धुतले. काळ्याचा करडा झाला आणि तिथेच अडून बसला. दुसऱ्यांदा लिक्विड लावले, तरी फरक नाही.

आमची आई, वय अठ्ठ्याहत्तर, मोदकाच्या पातेल्यावरून हे सगळे बघत होती. "अरे, आधी खोबरेल लाव." मी जरा चिडूनच म्हणालो, "आई, डाग तेलाचाच आहे!" त्यावर ती म्हणाली, "म्हणूनच. तुझे वडील सायकलवर दुकानात यायचे तेव्हा त्यांच्या पायजम्यावरचे सायकलच्या चेनचे डाग मी कशाने काढत होते?" पुणे सायकलींचे शहर होते त्या काळातली ही विद्या, आणि चाळीस वर्षांच्या धंद्यात मी तिची एकदाही चौकशी केली नव्हती.

कारण मात्र लगेच ध्यानात आले. घट्ट बसलेल्या ग्रीसला पाणी शिवत नाही, पण पातळ तेल त्यात मुरते, ते सैल करते, आणि सुटलेले कण तेलाबरोबर बाहेर पडतात. बाही पुन्हा कोरडी करून चार थेंब खोबरेल बोटाने हलके जिरवले. पाच मिनिटांत खालच्या पंचावर काळे ठिपके उतरू लागले. पंचाची घडी तीनदा बदलली. मग पुन्हा लिक्विड, पुन्हा गरम पाणी. आता खोबरेलही काढायचे होते.

यानंतरची चूक घरोघरी होते. ओल्या कापडावर तेलाचा डाग दिसत नाही. गेला असे वाटून आपण इस्त्री फिरवतो, आणि उरलेले तेल उष्णतेने धाग्यात पक्के बसते. म्हणून घाई असूनही मी बाही पंख्याखाली पूर्ण सुकवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. ढोलांचा आवाज एव्हाना रस्त्यावरून यायला लागला होता आणि मुलगी दर पाच मिनिटांनी "काका, झालं का?" विचारत होती. रुपयाएवढी फिकट करडी सावली शिल्लक होती. आणखी एक हात लावला, पुन्हा सुकवले. सावली थोडी उतरली, गेली नाही. कुर्ता टेरिकॉटचा असता तर एवढेही जमले नसते. कृत्रिम धागा तेलाला सुतापेक्षा चिकटून धरतो. रेशीम असते तर मी गरम पाणी वापरलेच नसते.

सव्वाबाराला इस्त्री करून कुर्ता तिच्या हातात दिला. सावली मीच बोट ठेवून दाखवली. ती म्हणाली, "ढोल वाजवताना हात कोण बघतंय, काका!" आणि पळाली.

मग मी शटरच्या दोन्ही खाचा रॉकेलच्या फडक्याने पुसून काढल्या, दुकानाच्या बाहेर उभा राहून.

तीन दिवसांनी तोच कुर्ता गुलालाने माखून धुवायला आला. मी आधी तो कोरडाच झटकला आणि नियमाप्रमाणे पावती लिहिली: 'गुलाल, सर्वत्र. डावी बाही, ग्रीसची फिकट सावली.' त्यापुढे कंसात 'दुकानाकडून' असे लिहून खाली सही केली.