रिमोट नोकरीच्या भरवशावर समुद्रकाठी घर घेताना

घरून काम करायची सवलत माझ्या कंपनीत टिकणार असं दिसू लागलं, तेव्हा आम्ही दोघांनी समुद्राकाठच्या शहरात राहायला जायचं ठरवलं. नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय आहे आणि त्याचं सगळं काम लॅपटॉपवर चालतं. मी नोकरदार. जावं की नाही यावर आमच्यात वाद नव्हता. प्रश्न होता तो तिथे घर विकत घ्यायचा. तो सोडवताना आम्हाला जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आम्ही चौकशी करत होतो तेव्हा दोनच सूर कानावर पडत होते. एक म्हणे, आत्ताच घ्या, भाव चढतच जाणार. दुसरा म्हणे, लाट ओसरली, आता तिकडे कोणी फिरकणार नाही. घर घेणाऱ्या माणसाला यातल्या कशाचाच उपयोग नाही.

सुरुवात मी भावांपासून केली. किनाऱ्यावरच्या शहरांत घरं महाग का झाली हे समजल्याशिवाय ती महाग राहतील का याचा अंदाज येणार नव्हता. नुसत्या किनाऱ्याचा नाही, पण एकूण घरांच्या भाववाढीचा अमेरिकेत नीट अभ्यास झाला आहे. तिथे २०१९च्या अखेरीपासून २०२१च्या अखेरीपर्यंत घरांचे भाव सुमारे २४ टक्क्यांनी वाढले. मोंड्रागॉन आणि वीलँड या अर्थतज्ज्ञांच्या हिशेबाप्रमाणे त्यातली निम्म्याहून जास्त वाढ घरून काम करण्यामुळे झाली. माणसं दिवसभर घरात राहू लागली, कामासाठी एक खोली जास्तीची लागू लागली, आणि रोज ऑफिस गाठायची गरज संपल्यावर अनेकांनी मोकळी हवा असलेली गावं निवडली.

हे वाचल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच झाले. माझा पगार रिमोट परवानगीवर अवलंबून आहे. जे घर मी घेणार त्याच्या किमतीचा वरचा हिस्साही माझ्यासारख्याच लोकांच्या रिमोट परवानगीवर अवलंबून आहे. म्हणजे नोकरी आणि घर दोन्ही एकाच खुंटीला टांगलेली. कंपन्यांनी माणसं परत बोलावली तर ज्या महिन्यांत मला घर विकावं लागेल, त्याच महिन्यांत शेजारपाजारचेही विकायला काढतील. ही भीती हवेतली नाही. अ‍ॅमेझॉनने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलं की ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२५पासून आठवड्याचे पाचही दिवस यायचं. घरून कामाच्या सवलतीच्या भरवशावर दूर जाऊन राहिलेल्यांचं काय झालं असेल हा विचार मला अनेक दिवस सोडत नव्हता.

म्हणून घरं बघण्याआधी मी कंपनीकडून सगळं लेखी घेतलं. मॅनेजर तोंडी 'काही हरकत नाही' म्हणाले होते, पण मॅनेजर बदलतात. एचआरला मी विचारलं: करारात कामाचं ठिकाण म्हणून कोणता पत्ता लागेल? परवानगी काढून घ्यायची झाली तर पूर्वसूचना किती? शहर बदललं म्हणून पगार कमी होणार का? काही कंपन्या राहत्या ठिकाणाप्रमाणे पगार ठरवतात, आणि हे घर घेतल्यावर कळून उपयोग नाही. उत्तर यायला बराच वेळ लागला, पाठपुरावा करावा लागला. शेवटी घराचा पत्ता हेच कामाचं ठिकाण असं पत्र आणि परत बोलवायचं झाल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना, एवढं पदरात पडलं. तीन महिन्यांत घर विकून होत नाही. पण भाडेकरू नक्की शोधता येतो, आणि पुढचं गणित मी त्यावरच मांडलं.

आम्ही देशातल्या देशातच हललो. दुसऱ्या देशात जाऊन राहायचं असेल तर कराचा सल्ला आधी घ्यायला हवा. अनेक देशांत वर्षात १८३ दिवस मुक्काम झाला की तुम्ही करासाठी तिथले रहिवासी ठरता, आणि काही देशांत तेवढंही लागत नाही. शिवाय कर्मचारी परदेशातल्या घरातून काम करतो म्हणून तिथे आपली शाखा आहे असं धरलं जाईल, ही कंपन्यांची धास्ती खरी असते.

मग आम्ही भाड्याने राहायला गेलो, तेही मुद्दाम हंगाम संपताना. सुट्ट्यांच्या दिवसांत अशी शहरं सगळ्यांनाच आवडतात. मला बघायचं होतं ते वादळवाऱ्याच्या, ओल्या, रिकाम्या महिन्यांत तिथे कसं वाटतं ते. निम्म्या खिडक्यांत दिवे नव्हते. काही दुकानं बंद, बससेवा कमी. आम्हाला ती शांतता मानवली. एका ओळखीच्या जोडप्याला मात्र त्याच महिन्यांनी नको नको करून टाकलं आणि ते परत गेले. भाड्याने होते म्हणून सामान बांधलं आणि निघाले, बस.

भाडं शोधतानाच एक अडचण कळली. बरेच मालक हंगामाचे महिने सोडूनच करार करतात, कारण त्या महिन्यांत पर्यटकांकडून जास्त मिळतं. पूर्ण वर्षाचा करार मिळवायला आम्हाला किनाऱ्यापासून बरंच आत जावं लागलं. तिथे खालच्या मजल्यावर रुग्णालयात परिचारिकेचं काम करणाऱ्या एक ताई राहायच्या. 'तुमच्यासारखे लोक आले आणि आमचं भाडं वाढलं,' असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सरळ सांगितलं. राग नव्हता त्यात, वस्तुस्थिती होती. मला ते लागलं आणि लागायलाच हवं होतं. जिथल्या शाळा, दवाखाने, दुकानं चालवणाऱ्या माणसांनाच तिथे राहणं परवडत नाही, ते शहर माझ्याही राहण्यालायक उरत नाही. पुढे मी घराच्या किमती तपासायची जी पद्धत वापरली ती त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातूनच सुचली.

पद्धत अशी. घर बघितलं की आधी विचारायचं: इथे पगार कमावणारी परिचारिका किंवा शिक्षिका वर्षभरासाठी याचं किती भाडं देऊ शकेल? त्या भाड्यातून कर्जाच्या हप्त्याचा किती भाग निघतो? बराचसा निघत असेल तर त्या किमतीला स्थानिक पाया आहे. अगदी थोडा निघत असेल तर मी बाहेरून येणाऱ्या पगारांवर पैज लावते आहे. या कसोटीने आमच्या यादीतली बहुतेक समुद्रदर्शनी घरं तिथेच गळाली.

दलाल यावर एकच उत्तर द्यायचे: पर्यटकांना दिवसांच्या भाड्याने द्या, हप्ता सुटेल. ते उत्पन्न मी हिशेबात शून्य धरलं, कारण ते सरकारच्या एका निर्णयावर उभं असतं. बार्सिलोनाने जून २०२४मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून जास्त घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचे, नवे द्यायचे नाहीत. पोर्तुगालने २०२३मध्ये आणि स्पेनने एप्रिल २०२५मध्ये परदेशी माणसाने घर विकत घेऊन निवासाचा परवाना मिळवण्याची वाट बंद केली. किनाऱ्यावरच्या घरांसाठी लोक रस्त्यावर उतरले की धोरण बदलतं, आणि माझ्या मते ते बदलायलाच हवं.

कामापुरतं एक. इंटरनेटची जाहिरात डाउनलोडच्या वेगाची असते, पण व्हिडिओ मीटिंग तुटते ती अपलोडमुळे. घर बघायला जाताना मी लॅपटॉप घेऊन जायचे आणि मालकाच्या परवानगीने संध्याकाळी गर्दीच्या वेळी दोन्ही वेग मोजायचे. मोबाइलचं नेटवर्क प्रत्येक खोलीत बघायचे, कारण वादळात केबल तुटली तर तेच हाताशी राहतं.

आता इमारतीबद्दल, कारण पैसे खरे अडकतात ते इथे. आम्हाला चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट फार आवडला होता. रंग ताजा, फरशी नवी, समोर पाणी. आम्ही बांधकाम तपासणारे अभियंता स्वतःच्या खर्चाने नेले. ते फ्लॅटमध्ये न शिरता थेट तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गेले. हातोडीने एकेक खांब वाजवत चालले. ठण, ठण, ठण, आणि एका खांबाशी आवाज बसका आला. तिथे रंगाखाली केसाएवढी उभी भेग होती आणि तिच्या कडेने तांबूस ओघळ. त्यांनी समजावलं: खाऱ्या वाऱ्यातले क्षार काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत जातात आणि सळईवरचं संरक्षक आवरण मोडतात. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आतून दाब येऊन काँक्रीट सुटतं. 'वरून रंग मारला की दिसत नाही, पण आत काम चालूच असतं,' ते म्हणाले. वर बाल्कनीत गेलो तर रेलिंगचा पाय त्यांनी बोटाने दाबला आणि पापुद्रा हातात आला.

त्यानंतर मी इमारतीच्या रहिवासी संघटनेच्या बैठकांची इतिवृत्तं मागवली. मोठ्या दुरुस्तीचा विषय बैठकीमागून बैठकीत पुढे ढकललेला, आणि निधीत जेमतेम रोजच्या देखभालीपुरते पैसे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या सर्फसाइड या गावाची गोष्ट मी वाचली होती. समुद्रकाठची १२ मजली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १९८१ची इमारत २४ जून २०२१ला पहाटे कोसळली आणि ९८ माणसं गेली. तीन वर्षं आधी एका अभियंत्याने तिच्या काँक्रीटच्या नुकसानीबद्दल अहवाल दिला होता. दुरुस्तीचा खर्च वाटून घेण्यावरून रहिवाशांत वाद चालू होता. त्यानंतर फ्लोरिडाने २०२२मध्ये जुन्या उंच इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीनिधी सक्तीचा केला, तेव्हा अनेकांच्या डोक्यावर एकदम मोठी वर्गणी आली. तो फ्लॅट आम्ही सोडला. नवऱ्याला वाईट वाटलं, मलाही. पण ९८ हा आकडा डोळ्यासमोर असताना सौदा करायची माझी इच्छाच झाली नाही.

विम्याची चौकशी बहुतेक लोक सगळ्यात शेवटी करतात. आम्ही ती भाव सांगण्याच्या आधी केली. प्रत्येक पत्त्यासाठी विमा कंपन्यांकडून लेखी दर मागवला, आणि तीन गोष्टी वेगळ्या विचारल्या: पुराचं नुकसान मुख्य पॉलिसीत आहे का, कारण पुष्कळदा नसतं. वादळासाठी आपण सोसायचा पहिला वाटा किती? तो काही ठिकाणी ठरावीक रक्कम नसून विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत असतो. ५ टक्के असेल तर विम्याच्या १०० रुपयांमागे पहिल्या ५ रुपयांचं नुकसान आपलंच. आणि गेल्या काही वर्षांत या भागातल्या पॉलिसी नूतनीकरणावेळी नाकारल्या गेल्या का? खासगी कंपन्या मागे हटल्या म्हणून फ्लोरिडात सरकारी पाठबळ असलेल्या सिटिझन्स या विमा संस्थेकडच्या एकूण पॉलिसी २०२२मध्ये दहा लाखांवर गेल्या. पुष्कळदा विमा नाही तर बँक कर्ज देत नाही. म्हणजे उद्या माझ्याकडून घर घेणाऱ्याला विमा मिळाला नाही, तर माझ्याकडे फक्त रोखीने घेणारं गिऱ्हाईक उरतं.

समुद्राची पातळीही बघितली. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात ती जगभरात सरासरी २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. आकडा लहान दिसतो, पण वादळात आत घुसणारं पाणी या वाढलेल्या पातळीवरून सुरू होतं. पूररेषेचा सरकारी नकाशा काढला आणि शेजाऱ्यांना विचारलं की मागच्या मोठ्या वादळात पाणी कुठवर आलं होतं. एका ठिकाणी नकाशा आणि माणसं यांचं जुळलं नाही. मी माणसांवर विश्वास ठेवला.

शेवटी आम्ही जे घर घेतलं ते किनाऱ्यापासून चालत वीसेक मिनिटांवर, चढावर आहे. खिडकीतून समुद्र दिसत नाही. दुमजली, जुनं, पण सळया शाबूत असल्याचा अभियंत्यांचा लेखी अहवाल हातात. शाळा आणि रुग्णालय जवळ, म्हणून वर्षभराचा भाडेकरू मिळण्यासारखी जागा. मालकांनी सांगितलेली किंमत आम्ही स्थानिक भाड्याच्या हिशेबाने खाली आणायला सांगितली. त्यांनी आधी नाही म्हटलं, हंगाम सरल्यावर त्यांचाच फोन आला. कर्ज एवढंच काढलं की माझी नोकरी गेली तरी नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईत हप्ता निघेल, आणि आम्हाला परत जावं लागलं तर भाड्यातून हप्त्याचा तीन चतुर्थांश सुटेल. भाव दुप्पट होतील या आशेने यातलं काहीच ठरवलेलं नाही. वाढले तर आनंद आहे, न वाढले तरी आम्हाला इथेच राहायचं आहे.

त्या ताई अजून आमच्या जुन्या भाड्याच्या घराखालीच राहतात. मालकांनी यंदा त्यांच्याही करारातून हंगामाचे महिने वगळायचं काढलं, तेव्हा इमारतीतल्या भाडेकरूंनी मिळून नगरपालिकेला निवेदन दिलं. त्यावर आम्हीही सही केली. निकाल अजून आलेला नाही.